सहावा महिना

मारिकिनात, नदीकडच्या उतारावर,
बेकरीच्या वरच्या मजल्यावर आमची एजन्सी.
खाली पाव भाजतात,
वर मी तारखा टाइप करते.
रुजू : सात जानेवारी. मुक्त : पाच जून.
'मुक्त' हा शब्द माझा नाही,
फॉर्मवर तो आधीच छापलेला असतो.

सहा महिने भरले की माणूस कायम होतो,
असा कायदा आहे.
म्हणून कुणाचेच सहा महिने भरत नाहीत.
हिशेबाला मी पक्की आहे,
फेब्रुवारीचे अठ्ठावीस धरून
बरोब्बर दीडशे दिवसांत माणूस बसवते.

दारामागच्या खिळ्यावर एक पांढरा ब्लाउज टांगलेला आहे.
फोटोपुरता जी ती अंगात चढवते
आणि घामेजलेला परत करते.
माझ्या फायलींत तीनशे बायका आहेत,
कॉलर एकच.

मारिविक साल्वादोर नऊदा आली.
बुटांचा काउंटर, मग भाताचे कुकर,
मग पडदे, मग पुन्हा बूट, पण दुसऱ्या मॉलमधले,
मग नाताळचे दिवे, जानेवारीत विझणारे.
दर वेळी छातीचा नवा एक्स-रे,
दर वेळी पोलिसांचा नवा दाखला, की
गेल्या पाच महिन्यांत ही बाई गुन्हेगार झालेली नाही.

तिचे वडील, मांग इस्को,
एकतीस वर्षं एकाच कारखान्यात टाचा ठोकत बसले.
बाकाला त्यांच्या बैठकीचा खळगा पडला होता
आणि कारखाना मोडला तेव्हा
त्यांनी पैशांऐवजी तो बाकच मागून आणला.
आता अंगणात त्यावर बसून विचारतात,
"सध्या कुठं आहेस गं?"
ती सांगते.
लक्षात राहीपर्यंत ते बदललेलं असतं.
शेजाऱ्यांना ते नुसतं 'दुकानात' म्हणतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती बिल्ला परत करायला आली,
टेबलावर वाकून हळूच म्हणाली,
"दिवस गेलेत."
मी म्हटलं, माहीत आहे,
पाच तारखेला संपतात.
"ते नव्हे, वेडे."
आणि आम्ही दोघी इतक्या हसलो
की खालून बेकरीवाल्यानं काठीनं छत ठोकलं.

त्यानंतर तिचा अर्ज मी पुढे पाठवला नाही.
वैद्यकीय चाचणीच्या कागदावर काय येणार
मला माहीत होतं,
आणि त्या कागदावर साहेब काय म्हणणार, तेही.
तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.
यावर मला अजून काही लिहिता येत नाही.

ऑक्टोबरात जिना चढून आली,
कठड्याला धरत, मध्ये दोनदा थांबत.
खुर्चीत बसली, चपलेचा पट्टा सैल केला.
"सहावा लागला,"
असं म्हणाली, जणू कुणी तिला बढती दिली होती.
"बघ, पहिल्यांदाच."

मी मनातल्या मनात बोटं मोजली.
या कामाचे दिवस दीडशेवर तोडता येत नाहीत.
हे भरावेच लागतात.

तिला एक विचारायचं होतं :
बाळाच्या जन्मदाखल्यावर एक रकाना असतो,
आईचा व्यवसाय.
वडिलांच्या वेळी सोपं होतं, चांभार लिहिलं की झालं.
"तुझ्याकडे माझ्या नऊ फायली आहेत. तूच सांग, काय लिहू?"

रकाना अर्ध्या बोटाएवढा.
मी बूट म्हणाले, कुकर म्हणाले,
मग गप्प बसले.
माझ्या कीबोर्डखाली माझाच कागद होता,
मुक्त : तीस ऑक्टोबर,
माझ्याच हातांनी टाइप केलेला.
माझा रकाना मला तरी कुठे ठाऊक होता.

"घाई नाही," ती म्हणाली, "अजून तीन महिने आहेत,"
आणि पाव घ्यायला खाली गेली.

दारात नवी मुलगी उभी होती,
छातीशी एक्स-रेचा पिवळा लिफाफा.
मी खिळ्यावरून ब्लाउज काढला.
बाह्या जरा लांब आहेत, म्हटलं,
दुमडून घे.